चित्राखालचा नंबर

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या भिंतींवर जोवेलिन तीन वर्षं एकच चेहरा रंगवत होती: हरवलेल्या भावाचा. खाली 'हरवला आहे' आणि स्वतःचा फोन नंबर.

मग भिंती रंगवणारे, डिझायनर, चित्रकार अशा दहा जणांचं गॅलरीत प्रदर्शन ठरलं आणि तिलाही बोलावणं आलं. तिथेही तिने तोच चेहरा काढला, खाली तेच शब्द आणि नंबर.

"ताई, तेवढा नंबर पुसून टाक गं," मांडणी करणारा रामिल म्हणाला. "प्रदर्शन आहे हे, पोलीस चौकी नाही!"

तिलाही पटलं. पहिल्यांदाच गॅलरीत चित्र लागत होतं ना! तिने स्वतःच्या हाताने नंबरावर पांढरा रंग फिरवला.

चित्राची वाहवा झाली. शेवटच्या दिवशी तिने हौसेने अभिप्रायाची वही उघडली. पहिल्याच दिवशी कुणीतरी बिनसहीचं लिहून गेलं होतं:

"हा आमच्या बोटीवर आहे. उद्या आम्ही निघतोय. घरच्यांना कळवायचं होतं, पण चित्राखाली नंबरच नाही."