चोर परवडला

"तुमच्यापेक्षा चोर परवडला," गेम बनवणाऱ्या कंपनीचा अधिकारी म्हणाला. "तो निदान बाहेर पाटी लावून बसत नाही."

पाटी दुकानदाराने स्वतःच रंगवलेली होती. जुने गेम घेतो, विकतो, भाड्याने देतो. आत येण्याआधीच अधिकाऱ्याने मोबाइलवर तिचा फोटो काढला होता. आता त्याने काउंटरवर एक छापील कागद ठेवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं. जुने गेम विकणं बंद, भाड्याने देणं बंद. सही केली नाही तर पुढच्या महिन्यापासून कंपनीचा नवा माल मिळणार नाही.

दुकानदार पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. आता साठी ओलांडली होती आणि सगळी गिऱ्हाइकं त्यांना काका म्हणत. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"चोर एका प्रतीच्या हजार करतो," काका म्हणाले. "माझ्याकडे एकीची एकच राहते. एक जण खेळतोय तोवर दुसरा वाट बघतो. यात चोरी कुठे आली?"

"चोरीचा गेम खेळणाऱ्याकडून कंपनीला काय मिळतं? शून्य. तुमच्या सातव्या गिऱ्हाइकाकडून? तेही शून्य. मग फरक कसला?"

"पहिल्याने पूर्ण किंमत दिली होती."

"त्याने त्याच्यापुरती दिली." लहान मुलाला समजवावं तसा अधिकारी हसला. "काका, तुम्हाला नाही कळायचं. हा कलेचा प्रश्न आहे. एकेका गेमसाठी तीन-तीनशे माणसं रात्रीचा दिवस करतात. तुम्ही त्यांच्या ताटातलं ओढून घेता."

कपाटापाशी उभी असलेली एक बाई पुढे आली. तिने पिशवीतून भाड्याने नेलेला गेम काढला आणि बरोबर त्या कागदावर ठेवला. अधिकाऱ्याने डबीवरचं चित्र ओळखलं. गेम त्याच्याच कंपनीचा होता.

"बघा," तो म्हणाला. "मॅडम, नवा घ्यायला काय झालं होतं?"

"त्या तीनशेतली मी एक," बाई म्हणाली. "यातली घरं मी काढलीत. चार वर्षं लागली. गेम बाजारात यायच्या तीन आठवडे आधी आमचा अख्खा विभाग घरी बसवला. काम करणाऱ्याला एकेक प्रत मिळणार होती, ती राहिलेल्यांनाच मिळाली. म्हणून भाड्याने नेला. आपलं काम कसं दिसतं ते बघायचं होतं."

अधिकाऱ्याने तिच्या चपलांपासून पिशवीपर्यंत नजर फिरवली. "गेमच्या शेवटी नावांची यादी असते. त्यात असाल ना?"

"यादी आम्हाला काढल्यावर केली."

"मग काय, असं कोणीही म्हणेल." दारावरच्या विक्रेत्याला नको म्हणावं, तसं तो म्हणाला.

काकांनी डिस्क काढून काउंटरवरच्या मशीनमध्ये घातली. "ताई, ओळखता येईल अशी काही खूण आहे?"

"विहिरीपलीकडचं शेवटचं घर. स्वयंपाकघरात फळीवर बरण्या आहेत. एकीचं झाकण हरवलंय, तिच्यावर वाटी पालथी घातली आहे. आमच्या आईची सवय. साहेबांनी सांगितलं नव्हतं, मीच काढली."

काकांनी कंट्रोलर अधिकाऱ्यापुढे धरला. "तुमच्याच कंपनीचा माल, तुम्हीच दाखवा. वाटी दिसली नाही तर सही करतो."

अधिकाऱ्याने कंट्रोलर घेतला आणि त्यावरची बटणं वाचू लागला. पडद्यावरचा वीर उठला, आभाळाकडे बघत त्याने स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या, मग जाऊन भिंतीला भिडला आणि तिथेच पळत राहिला.

"कितीसे गेम खेळलात कंपनीचे?" काकांनी विचारलं.

"खेळणं हे माझं काम नाही." त्याने कंट्रोलर खाली ठेवला. "वाटी काही दिसली नाही. करा सही."

बाईने कंट्रोलर उचलला. वीर भिंतीपासून मागे वळला, विहिरीला वळसा घालून शेवटच्या घरात शिरला. चूल, माठ, फळी. एका बरणीवर पितळेची वाटी पालथी होती, तिच्या काठाला बारीकसा पोचा होता. काकांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. मग कागद उचलला आणि सही न करता तसाच अधिकाऱ्याच्या हातात दिला.

अधिकारी पडद्याजवळ गेला. वाटीचा त्याने फोटो काढला. तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला, तेव्हा बाईला वाटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलेल.

"घरची खासगी वस्तू," तो म्हणाला. "कंपनीच्या मालमत्तेत, परवानगीशिवाय. कळवावं लागेल. पुढच्या अपडेटमध्ये काढून टाकतील." त्याने मोबाइलवर नवं पान उघडलं. "नाव काय तुमचं?"

बाईने कंट्रोलर जागेवर ठेवला. "यादीत बघा," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

पुढच्या महिन्यात काकांच्या दुकानात नवा माल आला नाही. अपडेट मात्र इंटरनेटवरून वेळेवर आलं. ज्यांनी पूर्ण किंमत मोजून नवाकोरा गेम घेतला होता, त्यांच्या घरी सकाळी ती बरणी उघडीच दिसली. वाटी आता दोनच ठिकाणी उरली होती: काकांच्या भाड्याच्या डिस्कवर आणि चोरांकडे.