आठ दिवस बरणीत

आमच्या माशांच्या टाकीतला निळा गुरामी म्हणजे नुसता दादा. गप्पींच्या शेपट्या कुरतडायचा, दाणे टाकले की सगळ्यांना कोपऱ्यात पिटाळायचा. शेवटी मी सासूबाईंना घेऊन अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे गेले.

"त्याला आठ दिवस वेगळ्या बरणीत ठेवा," तो म्हणाला. "तोवर त्याची जागा बाकीचे घेतात. परत सोडलात की मुकाट राहतो."

सासूबाई नेहमीप्रमाणे काही बोलल्या नाहीत. पण उपाय लागू पडला. परत सोडलेला गुरामी झाडामागे अंग चोरून बसला, आणि मला दुसरा गुरामी दिसायला लागला: सासरे. टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची, रिमोट त्यांचा, पंखा किती जोरात फिरायचा तेही तेच ठरवणार. मी नवऱ्याला त्यांची बॅग भरायला लावली, वन्संना फोन केला आणि सासऱ्यांना आठ दिवस लेकीकडे रवाना केलं. त्यांना काही विचारलं नाही. गुरामीला तरी कुणी विचारलं होतं?

ते परत आले तेव्हा खुर्चीत सासूबाई होत्या, मांडीवर रिमोट. सासरे जरा घुटमळले आणि निमूट स्टुलावर टेकले. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले आणि नवऱ्याला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

टीव्हीवरची नजर न काढता सासूबाई म्हणाल्या, "तो कामात आहे, सूनबाई. तुझी बॅग भरतोय. आठ दिवस माहेरी जाऊन ये."