चौथी शेड

"चौथी शेड ठेवा. बाकीच्या तिन्ही बंद करा," फिस्क म्हणाला.

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात फिस्कला बँकेने धाडलं होतं. तीन दिवस तो कागदांत डोकं घालून बसला होता. शेडमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. माणसं पाहिली की कात्री चालत नाही, असा त्याचा अनुभव होता. कारखाना विकायला गिऱ्हाईक नव्हतं. कोर्टाकडून मुदत मिळाली असती, पण तोवर बँक थांबायला तयार नव्हती. उरला हा एकच मार्ग. कापणी, जोडणी आणि विणकाम तोट्यात होतं, एकटं चौथ्या शेडमधलं पॉलिश नफ्यात होतं.

मालकीणबाई मार्था टिल्मन आणि मुकादम हॉयट एकमेकांकडे पाहत राहिले.

"चौथी जळून एकोणीस वर्षं झाली," मार्था म्हणाली. "व्हार्निशचा भडका उडाला. सात माणसं आत होती. त्यात हॉयटचा थोरला भाऊही."

"मग पॉलिश कोण करतं?"

"आम्ही संध्याकाळी कोऱ्या खुर्च्या तिथे दाराशी ठेवून येतो," हॉयट म्हणाला. "सकाळी चकचकीत झालेल्या असतात. आम्ही खोलात जात नाही, साहेब. सांगणार तरी कुणाला?"

फिस्क खिडकीशी गेला. समोर काळ्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आत कमरेएवढं गवत माजलं होतं. दाराशी चाळीस झुलत्या खुर्च्या ओळीने उभ्या होत्या. पॉलिश अजून ओलं होतं. वारा पडलेला होता, तरी शेवटची खुर्ची हळूच झुलत होती.

फिस्कच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तो हाडाचा हिशेबी. त्याने पुन्हा कागद उचलला.

"म्हणजे पगार नाही, विमा नाही, आजारपणाची रजा नाही," तो म्हणाला. "मग तर प्रश्नच मिटला. कोऱ्या खुर्च्या मेक्सिकोतून मागवू."

"आणि माझी बासष्ट माणसं?"

"मिस मार्था, आज सही झाली नाही तर उद्या बँक सगळ्यालाच टाळं लावेल. हे नावसुद्धा उरणार नाही."

नाव तिच्या आजोबांचं होतं. मार्थाने सही केली. तिला स्वतःचीच किळस आली. हॉयटकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. त्याची छत्तीस वर्षं इथेच गेली होती. बायको अंथरुणाला खिळलेली, औषधपाणी सगळं कारखान्याच्या विम्यावर. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

हॉयट ओरडला नाही की रडला नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली. फिस्कला बाजूला सारून खिडकी सताड उघडली आणि त्या काळ्या भिंतींकडे तोंड करून हाक मारली,

"दादा, आत एखादी जागा आहे का रे?"