सगुणाबाईंचा बंगला

सगुणाबाईंनी तिसरं कपाट उघडलं तेव्हा कुठे कपबशा सापडल्या. तोवर गेटशी जीप येऊन थांबली होती.

"मयूर, विचारलं तेवढंच बोलायचं," त्यांनी पोराला बजावलं. "आणि फ्रिज कुणाला उघडू द्यायचा नाही. आत काही नाही."

बंगला अर्थातच त्यांचा नव्हता. पंचवटीतल्या दोन खोल्यांत जन्म काढलेल्या बाईचा गंगापूर रोडला बंगला कुठून असणार? पण त्यांचा भाचा ललित होता ना! त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातात, नाशकाच्या केबलवर दर रविवारी त्याचा कार्यक्रम लागायचा. हा एजंट भर एप्रिलात कोट चढवून गिऱ्हाइकांना विकाऊ बंगले दाखवी. गिऱ्हाइकं कॅमेऱ्यासमोर भांडत, रडत आणि चावी मिळाली की एकमेकांच्या गळ्यात पडत. ज्यांना स्वतःच्या न्हाणीत धड वळता येत नाही, अशी अर्धी पंचवटी ताटातली भाजी थंड करून हे बघे आणि दुसऱ्याच्या बाथटबला नावं ठेवून तृप्त होई. सगुणाबाईंना तर ललितची वाक्यंच्या वाक्यं पाठ होती.

आज मुलीकडचे घर बघायला येणार होते. मुलगी, स्नेहल, मयूरला मनापासून आवडली होती. त्याला चौतिसावं लागलेलं, आणि आधीची सात स्थळं त्या दोन खोल्या बघून चहासुद्धा न संपवता उठलेली. हे आठवं गेलं तर नववं येणार नव्हतं. म्हणून ललितने शूटिंगसाठी सजवलेल्या बंगल्याची चावी आत्याच्या हातावर ठेवली. "बारापर्यंत आटपा. मालक इकडे फिरकतसुद्धा नाही."

मुलीचे वडील वाल्मीकराव आत आले. देवळ्याचे, कांद्याच्या धंद्यातले. चुरगळलेला पायजमा, टोपी, चपलांवर धूळ. मागे त्यांची बायको चिमणाबाई, तोंडाला पदर लावून. सगुणाबाईंनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मनातल्या मनात नाक दाबलं.

"या, बसा. जपून हं, इटालियन मार्बल आहे. नवख्यांचा पाय घसरतो."

"इटालियन व्हय?" वाल्मीकरावांनी अंगठ्याने फरशी घासली. "मला आपली राजस्थानची वाटली."

चिमणाबाईंनी पदर आणखी घट्ट धरला. बिचारी दिपून गेली, सगुणाबाईंना वाटलं.

वाल्मीकराव हात धुवायला उठले ते कुणाला न विचारताच. घुसतात मेले गुरांसारखे कुठेही! परतताना त्यांनी जिन्याखालच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"इथं ओल येती का हो पावसाळ्यात?"

"आमच्याकडे? छे!" सगुणाबाई थेट ललितसारख्या मान मागे टाकून हसल्या. "बारा वर्षांत एक थेंब नाही."

"बारा! रंग तर कालचा वाटतो."

"ह्यांना टापटीप फार. गेले बिचारे, पण घर कसं ठेवून गेले बघा."

वाल्मीकरावांनी हळहळून मान हलवली आणि ते मयूरकडे वळले. "तुमची खोली कंची म्हणायची?"

"वरची," मयूर फरशीकडे बघत म्हणाला.

"वर दोन हायेत. पूर्वेची का पश्चिमेची?"

मयूरने आईकडे बघितलं.

"दोन्ही," आई म्हणाली.

चिमणाबाईंना एकदम ठसका लागला. सगुणाबाई पाणी आणायला धावल्या आणि चुकून कोठीचं दार उघडून परत लावून आल्या. भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं.

"हे बघा, स्पष्टच बोलते," त्या घाईने म्हणाल्या. "आमच्या मयूरला पहिल्यापासून मोठ्या घराची सवय. तुमच्या स्नेहलला गिझर, एसी, सगळं शिकावं लागेल. रुळेल ना ती इथे?"

"रुळंल की. हुशार हाय."

"मग अडलंय कुठे? मुलगा बघितलात, घर बघितलंत. पसंत आहे की नाही, काय ते सांगून टाका."

वाल्मीकराव उठले. त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

"पोरगा पसंत हाय, विहीणबाई. त्याला खोटं बोलता येत नाय," ते म्हणाले. "आन् घराचं मला काय विचारता? ते तर मीच बांधलंय."