तळव्यावरची सही

पार्सलमधून निघालेला भालाईत तपासणीच्या टेबलावर एका पायावर उभा होता. वीतभर उंची, उजव्या हातात उगारलेला भाला, डावा पाय गुडघ्यात दुमडलेला. व्यवस्थापकांनी टेबलावर मूठ आपटली. भालाईत हलला नाही.

"पत्र वाचलंत का, बाई?"

तपासनीस बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. पत्र एका संग्राहकाचं होतं. हा भालाईत त्याने जुन्या खेळण्यांच्या लिलावात घेतला होता. या खेळण्यांच्या कारखान्यातून गेल्या दहा वर्षांत निघालेले सगळे भालाईत त्याच्या कपाटात होते: गुडघे ढिले, भाले वाकलेले, डोळे गालावर उतरलेले. हा तसा नव्हता. म्हणून मित्र त्याला म्हणत होते की तू फसलास, इतकं नीट काम त्या कारखान्याचं असूच शकत नाही. तळव्यावर कोणाची तरी सही आहे. हा तुमचाच आहे की नकली, एवढं सहीनिशी कळवावं.

"आपला नाही, असं लिहून टाका," व्यवस्थापक म्हणाले. "आपला म्हटलं की हा गृहस्थ नवा-जुना शेजारी ठेवून फोटो टाकणार. मग बसा निस्तरत."

बाईंनी भालाईत उलटा केला. उजव्या तळव्यावर, नखाएवढ्या जागेत, काळ्या शाईत पूर्ण नाव होतं. आडनावासकट. एकही अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं नव्हतं.

"हा पहिला नमुना आहे, साहेब. याच्याशी ताडून बघितल्याशिवाय माल बाहेर जात नसे. साचेवाले काका निवृत्त झाले, तेव्हा त्यांना भेट दिला होता. सही माझी आहे."

"तुमची?" व्यवस्थापकांनी ट्रेमधला सकाळचा फॉर्म ओढला. खाली एक वळवळती रेघ होती. "तुमची सही ही. मेलेल्या गांडुळासारखी. ही आणि ती एकाच माणसाची आहे, हे कोण मानेल? मीच मानत नाही."

"दिवसातून दोनशे वेळा करून बघा. तुमचंही गांडूळच होईल."

खात्री करायला व्यवस्थापकांनी रंगकाम विभागातून बाईंच्या जाऊबाईंना बोलावलं. धाकट्या जाऊबाई एप्रनला हात पुसत आल्या आणि टेबलाशी येऊन थबकल्या.

"अगंबाई, हा अजून आहे?"

"ओळखता?"

"डोळे माझेच आहेत की. तीन केसांचा ब्रश होता तेव्हा. डावा डोळा मी जरासा बारीक ठेवायचे. उन्हात उभा आहे ना तो."

"आणि आता?"

"आता मशीन छापतं. मी नुसते चेहरे खाली सरकवते." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "पूर्वी पापणी केसभर हलली तरी ताई अख्खा ट्रे परत पाठवायच्या. मग घरी दोन दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोलायचो नाही."

"आता बोलता?"

"आता घरात अगदी शांतता आहे, साहेब."

व्यवस्थापक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे घेतला आणि सही केली. रेघच आली. दुसऱ्यांदा पहिलं अक्षर नीट उमटलं, पुढे हात घसरला. तिसऱ्यांदा आडनाव रेघेत बुडालं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. चाळीस खोकी चढवून झाली होती. बाईंची सही झाली की माल निघणार होता.

"राहू द्या, बाई. हाताला वळणच राहिलं नाही तर तो तरी काय करेल?"

बाईंनी बोटं साडीच्या पदराला पुसली. पेन खाली, निबाजवळ धरलं. पाचव्या खेपेला शाई सांडली. सातव्या खेपेला, श्वास रोखून, त्यांनी एकेक अक्षर सुटं लिहिलं आणि शेवटी वरची रेघ ओढली. मग भालाईत उलटा करून कागदाशेजारी ठेवला, माल नमुन्याशेजारी ठेवतात तसा. दोघीही वाकून पाहू लागल्या.

"जुळतंय," धाकट्या जाऊबाई म्हणाल्या.

संग्राहकाच्या पत्राखालीच बाईंनी लिहिलं: हा आमचाच आहे. खाली पूर्ण नाव घातलं. पत्र पाकिटात घालून त्यांनी ते स्वतःच चिकटवलं.

व्यवस्थापकांनी पाकीट बाजूला सारलं. मग त्यांनी चाळीस खोक्यांचा फॉर्म पुढे केला. "बरं. आता निदान हे तरी झटपट करा. ट्रकवाला बोंबलतोय."

पेन सवयीने रेघेच्या सुरुवातीला जाऊन टेकलं. तिथेच थांबलं. बाईंनी नावाचं पहिलं अक्षर काढलं, सुटं, वरच्या रेघेसकट. आणि पेनाला टोपण लावलं.

"खोकी उतरवायला सांगा, साहेब."

"आत्ता? अहो, सकाळीच तपासलंत ना तुम्ही? मी स्वतः बघितलं, वरचं खोकं उघडून..."

"वरचंच."

व्यवस्थापकांनी धाकट्या जाऊबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर ट्रककडे बघत होत्या.

"आज घरी बोलणं बंद, ताई," त्या म्हणाल्या, आणि एप्रन सोडून खोकी उतरवायला निघाल्या.

भालाईत उचलून बाई त्यांच्या मागोमाग गेल्या. फॉर्म टेबलावर राहिला. सहीच्या जागी एकच अक्षर होतं.