मामाजींच्या पुढे

“चला!” चाचणी घेणाऱ्या रुपेशनं स्टॉपवॉच दाबलं अन् आचलनं बाकाची कड घट्ट धरली.

वर्ध्याच्या दवाखान्यातला लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू. सहा मिनिटांत पेशंट किती चालतो, एवढंच मोजायचं. पण आज सगळं त्या एवढ्यावरच होतं. केमोनं आईचा कॅन्सर पळवून लावला, अन् जाताजाता तिचं हृदय पार थकवून टाकलं. अंगणातून मोरीपर्यंत गेली तरी धाप लागायची. मग या नव्या प्रयोगात तिचा नंबर लागला. तिच्याच रक्तातल्या पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा तान्हं, म्हणजे स्टेम सेल केलं, मग हृदयाच्या पेशी व्हायला शिकवलं अन् तिच्या दुखऱ्या हृदयात नेऊन सोडलं. त्या रुजल्या का? डॉक्टरबाई आईला म्हणाल्या होत्या, “मशीन काही का दाखवेना, नंदिनीताई, तुम्ही मागच्यापेक्षा जास्त चालून दाखवा. मग मानते.”

आई निघाली. अन् तिच्या पुढे निघाले पुंडलिकराव, आचलचे आबाजी.

“आबाजी, पेशंटले हात नाई लावायचा बरं,” रुपेश म्हणाला.

“मी कायले लावतो? सूनबाईच्या संगतीले आपला पुढं राह्यतो.”

एक फेरी झाली. दुसरी झाली. रुपेशचं तोंड उतरत चाललं. “मागच्या बारीसारखंच होऊन राह्यलं,” तो पुटपुटला.

आचलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं आईकडे पाहिलं, अन् पाहतच राहिली. आईला धाप नव्हती. ओठ काळे पडले नव्हते. ती अर्धं पाऊल टाकत होती, थबकत होती, उगाच पदर सारखा करत होती. मालगाडीमागं अडकलेली एक्स्प्रेस जशी!

“आई, पाय उचल नं!”

“मामाजी हायेत नं पुढं,” आई कुजबुजली.

सासऱ्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. आंजी गावात लग्न होऊन आली तेव्हापासून बाजारात काय, लग्नात काय, आई अशीच त्यांच्या मागं.

आचल ओरडली, तशी तपासणीच्या रांगेतली सगळी माणसं वळली. “आबाजी, बाजूले सरका! आईचं हार्ट तुमच्या मागं अडकून पडलं!”

“आँ? मी काऊन?” म्हणेपर्यंत नातीनं त्यांना हाताला धरून बाकावर बसवलंही.

समोर कॉरिडॉर मोकळा. आई तशीच उभी. तिनं सासऱ्याकडे पाहिलं.

“मले काय पाह्यतं वं?” आबाजी म्हणाले. “जाय!”

आईनं पदर कमरेला खोचला.

अन् मग काय विचारता! चपला फटफट वाजायला लागल्या. शंकूला वळसा, की पुन्हा हजर. सलाइनचा स्टँड धरून उभी असलेली एक आजी म्हणाली, “कोनाची सून हाय वं हे?” कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. रुपेश मीटर मोजतामोजता उभाच राहिला. “मागची बारी कवाच मागं पडली!” तो ओरडला. “अजून एक मिनिट हाय!”

आचलला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

पुंडलिकराव मात्र एकटक सुनेकडे पाहत होते. म्हणाले, “मले वाटे, इची चालच धिमी हाय.”

तेवढ्यात आई पलीकडचा शंकू वळून आली. गाल लाल, कपाळावर घाम, नजर थेट समोर. आबाजींचे पाय बाकावरून वाटेत पसरलेले.

“मामाजी, पाय आवरा!”

पुंडलिकरावांनी झटकन पाय आत घेतले, अन् आई वाऱ्यासारखी त्यांच्या पुढून निघून गेली.