निळा कप्पा

"हा कप्पा कोणी उसवला?"

सुनेने दारातूनच विचारलं. तिच्या हातात पाळण्याला टांगायची कप्प्यांची पट्टी होती आणि त्यातला नेमका निळा कप्पा जीभ काढल्यासारखा लोंबत होता.

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी."

एवढंच. चुकलं नाही की काही नाही.

आठवडाभर चिमणी झोपली रे झोपली, की सून मशीनवर बसत होती. घरातले उरलेसुरले तुकडे जुळवायचे, मध्ये कापसाचा थर, वर आडव्या-उभ्या शिवणी. थर्मामीटर, औषधाचा ड्रॉपर, नेलकटर, लाळेरी, ज्याचं त्याचं घर. सोमवारपासून ती पुन्हा कामावर जाणार होती आणि चिमणी दिवसभर सासूबाईंकडे राहणार होती. पोरीला ताप भरला तर निदान शोधाशोध नको, एवढाच तिचा हट्ट. निळं कापड तिच्या आईच्या उशीच्या अभ्र्याचं. आई गेल्यावर तेवढंच उरलं होतं.

"का उसवलात, आई?"

"निळा रंग नाही आवडला मला."

"अख्ख्या पट्टीत माझ्या आईचाच तुकडा तेवढा डोळ्यांत खुपला?"

"तसं समज हवं तर."

कालच सासूबाई पट्टी खिडकीशी धरून चाचपत होत्या, पेरू दाबून पाहावा तशी. खोड काढायचीच म्हटलं की कशातही निघते, असं तेव्हाच सुनेच्या मनात आलं होतं.

"अगं, एक कप्पा तर आहे," नवरा लंगोटांच्या घड्या घालत म्हणाला. "पुन्हा शिव. मागे चिमणीचं नख कापताना जरासं रक्त आलं, तर तू दोन दिवस जेवली नाहीस. इतकं मनाला लावून घेतेस—"

"तू घड्या घाल. त्याही वाकड्याच येतायत!"

सून सासूबाईंकडे वळली. राग आता कप्प्यापुरता राहिला नव्हता.

"मला न विचारता माझ्या वस्तूला ब्लेड लावता. उद्या माझ्या पोरीच्या बाबतीतही असंच मनाला येईल ते कराल. ती तुमच्या हाती सुरक्षित आहे असं नाही वाटत मला. सोमवारपासून ती पाळणाघरात जाईल."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाईंचा हात शेंगेवरच थांबला होता. नातीसाठी त्यांनी आपल्या पलंगाशेजारची जागा कधीची रिकामी करून ठेवली होती.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या 'बरं'ने तर सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायचंही नाही म्हणजे! ती तरातरा खोलीत गेली आणि मशीनवर बसली. चिमणी जागी झाली होती, तिला तिने शेजारी चटईवर ठेवलं. पोरीचे दात येत होते, हाताला लागेल ते तोंडात. मशीनवरून लोंबणारं पट्टीचं टोक तिने लगेच पकडलं आणि चघळायला घेतलं.

सुनेने निळा कप्पा दुमडून सुईखाली घातला. सगळा राग पायांत उतरला होता, मशीन धाडधाड पळत होतं. जाड कोपऱ्यावर 'कट्' झालं.

सुई मोडली, आठवड्यातली दुसरी. या पट्टीने नाहीतरी छळलंच होतं. सरावाच्या हाताने तिने स्क्रू सैल केला, अर्धी सुई काढून डब्यात टाकली, नवी बसवली आणि कापड पुढे सरकवलं.

"थांब."

सासूबाई दारात होत्या. दोन ढांगांत त्या चटईपाशी आल्या, चिमणीच्या तोंडातून पट्टी सोडवली आणि तिला कडेवर घेतलं.

"आता काय? धाग्याचा रंगही नाही आवडला?"

"आधी सुईचं टोक शोध," सासूबाई म्हणाल्या. "मागचं मला निळ्या कप्प्यात मिळालं."